इंटरनेट नसलेल्या यंत्रसंगणकावरील बिघाडाची विचारणा

डोलवी हे पेण तालुक्यातील गाव धरमतर खाडीलगत वसलेले असून तेथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. पूर्वी तो इस्पात कंपनीचा होता. २०१० मध्ये जेएसडब्ल्यूने ती कंपनी आपल्याकडे घेतली. अवजड उद्योगांत यंत्रे चालविणारे संगणक सुरक्षिततेसाठी बहुधा इंटरनेटपासून अलग ठेवण्यात येतात. त्याच जातीचे संगणक आता भातगिरणीत, वजनकाट्यावर व दूध संकलन केंद्रातही आले आहेत. म्हणून हा विषय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनीही समजून घ्यावयास हवा.

विंडोज प्रणालीवरील एखादा प्रोग्रॅम अकस्मात कोलमडला म्हणजे पडद्यावर तशी सूचना देणारी चौकट येते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून तर बिघाडाचा अहवाल मायक्रोसॉफ्टकडे पाठवावा काय, असेही विचारले जाऊ लागले. जेथे इंटरनेटच नाही तेथे हा अहवाल जावयाचा कोठे? परंतु खरी अडचण निराळीच आहे. कोणी कळ दाबीपर्यंत कोलमडलेला प्रोग्रॅम पुरता बंद होत नाही. त्यावर देखरेख करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला तो चालूच भासतो व तो त्यास पुन्हा सुरू करीत नाही. रात्रपाळीत पडद्यापाशी कोणी नसले की काटा अडतो आणि भाताच्या गाड्या दारात उभ्या राहतात. खारबंदिस्तीच्या उघाडीचे दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते व ओहोटीस उघडते. ते जर प्रत्येक भरतीस परवानगी मागत बसले, तर खारे पाणी शेतात शिरल्यावाचून राहील काय?

यास्तव ही चौकट बंद करून घ्यावी. जाणत्या तंत्रज्ञाकडून ग्रूप पॉलिसीमधील ‘विंडोज एरर रिपोर्टिंग’ या विभागात गंभीर बिघाडाची चौकट न दाखविण्याचे धोरण लागू करवावे. होम आवृत्तीत ग्रूप पॉलिसीचा संपादक नसतो. तेथे रजिस्ट्रीतील ‘डोन्टशोयूआय’ हे मूल्य १ करावे लागते.

मात्र विचारणा बंद करणे म्हणजे बिघाडावर पांघरूण घालणे नव्हे. ‘लोकलडंप्स’ नावाची सोय मुळात बंद असते, ती सुरू करवावी. मग कोलमडतेवेळच्या स्मृतीची प्रत त्याच संगणकावर साठते. वेगळी संख्या न दिल्यास अशा १० प्रती राहतात व नवीन येताच सर्वांत जुनी जाते. ही प्रत प्रोग्रॅम पुरविणाऱ्याकडे नेऊन दिल्यास दोष हुडकणे सुकर होते. ती नेण्यासाठी वापरावयाची पेनड्राइव्ह मात्र स्वच्छ असावी, नाहीतर संगणक अलग ठेवण्याचा हेतूच फसतो.

प्रोग्रॅम आपोआप सुरू होणे सर्वत्र इष्ट नसते. ज्या संगणकाच्या आज्ञेने पट्टा, मोटर वा झडप हलते, तेथे यंत्र पुरविणाऱ्याच्या संमतीवाचून ही व्यवस्था करू नये. मनुष्य यंत्राजवळ असताना ते अवचित सुरू झाल्यास प्राणावर बेतेल. वजनकाट्यावर तो धोका नाही, पण तेथेही प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाल्यावर काटा शून्यावर आहे काय ते पाहावे. बिघाडापूर्वीची शेवटची पावती अर्धवट राहिली असण्याचा संभव असतो. ती शेतकऱ्यासमक्ष नोंदवहीशी ताडून मगच पुढील गाडी काट्यावर घ्यावी.