निकाल लेखकाच्या हाती नव्हता

नाटकाचा शेवट नाटककार ठरवतो, अशी आपली समजूत. ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या ‘क्राउन कोर्ट’ (१९७२ ते १९८४) या ब्रिटिश मालिकेने ती मोडली. फुलचेस्टर या काल्पनिक गावातले हे न्यायालय. एक खटला बहुधा तीन दुपारी, अर्ध्या-अर्ध्या तासाने उलगडे. न्यायाधीश, वकील, साक्षीदार सारे नट. ज्यूरी मात्र मतदारयादीतली साधी माणसे! ज्यूरीचा प्रमुख तेवढा नट, कारण त्याला बोलायचे असे. निर्णय या माणसांनीच द्यायचा. म्हणून दोन्ही शेवटांची तालीम होई.

मला यातली खरी मेख लेखकाच्या अडचणीत दिसते. पुरावा एका बाजूला कलला की खेळ संपलाच. आरोपीने गुन्हा केला का, हा प्रश्न तसाच राही. तो निःसंशय सिद्ध झाला का, एवढेच ज्यूरीने सांगायचे. आपल्याकडे मुंबईच्या नानावटी खटल्यात (१९५९) ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, तेव्हा न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. फुलचेस्टरच्या ज्यूरीचा शब्द मात्र लेखकालाही निमूट मानावा लागे.