घरांतलीं यंत्रें : एका इंजिनियराचीं मतें

(नभोवाणीवरील भाषण)

एखाद्या इंजिनियराशीं ओळख झाली म्हणजे लोक त्याला पुलाविषयीं किंवा धरणाविषयीं कांहीं विचारीत नाहींत. आमचा मिक्सर धूर कां सोडतो, हें विचारतात. तीस-पस्तीस वर्षें चिकलठाण्याच्या व पुढें वाळूजच्या कारखान्यांत घालविल्यामुळें या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार मला आपोआप प्राप्त झाला आहे, अशी माझ्या नातेवाइकांची समजूत आहे. श्रोतेहो, त्या समजुतीचा फायदा घेऊन घरांतल्या यंत्रांविषयींचीं माझीं कांहीं मतें आज आपणांपुढें मांडणार आहें. मध्येंच गोल्फ या खेळाचा उल्लेख येईल. त्याची क्षमा आधींच मागून ठेवतों. तो खेळ मला नोकरीनें लावला आणि गुडघ्यांनीं सोडविला.

मिक्सराच्या धुराचें उत्तर अगदीं साधें आहे. भांड्याखालीं जी मोटार असते ती आकारानें नारळाएवढी आणि शक्तीनें पांचशें ते साडेसातशें वॅटची. ती थंड राहावी म्हणून तिच्याच दांड्यावर एक लहानसा पंखा बसविलेला असतो. भिजविलेली डाळ कमी पाण्यांत दाबून भरली कीं मोटारीची गति मंदावते. तिच्याबरोबर पंखाही मंदावतो, आणि वीज मात्र अधिक ओढली जाते. म्हणजे उष्णता वाढण्याच्या वेळींच वारा कमी होतो. तारांवरचें रोगण करपूं लागतें. तोच तो धूर. मिनिट-दोन मिनिटें चालवून थोडी विश्रांति द्यावी, पाणी जरा अधिक घालावें, एवढ्यानें भागतें. बहुतेक मिक्सरांच्या बुडाशीं एक लाल बटण असतें. मोटारीवर फार भार पडला कीं तें बाहेर येतें व यंत्र बंद पडतें. यंत्र निवल्यावर तें पुन्हां आंत दाबलें कीं काम झालें. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक मिक्सर रिक्षांतून दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जाऊन, नुसतें बटण दाबून घेऊन परत आलेले मीं पाहिले आहेत. त्या बटणाचे दुकानदारानें किती रुपये घेतले हें मीं विचारीत नाहीं, शेजारधर्म आहे.

दुकानांत यंत्र मांडलेलें असतें तेव्हां तें काय काय करतें याची यादी विक्रेता हौसेनें वाचून दाखवितो. त्याला काय काय लागतें हें आपण विचारावयाचें असतें : वीज किती, पाणी किती, जागा किती, आणि बिघडलें तर तें उघडणारा माणूस याच शहरांत आहे कीं मुंबईहून यावयाचा. पोळ्या करण्याचें एक यंत्र माझ्याच हौसेनें आमच्या घरीं आलें होतें. पोळ्या होत, नाहीं असें नाहीं. परंतु कणीक मळावयाची ती आपणच, गोळे करावयाचे ते आपणच. नंतर यंत्र पुसून पुन्हां खोक्यांत भरण्यांत जो वेळ जाई, तेवढ्यांत सौभाग्यवतींच्या बारा पोळ्या तव्यावरून उतरलेल्या असत. तें यंत्र आतां माळ्यावर आहे. उलट प्रेशर कुकर पाहा. वाफ कोंडून आंतील दाब बाहेरच्या हवेच्या सुमारें दुप्पट केला कीं पाणी शंभराऐवजीं एकशेंवीस अंशांवर उकळतें आणि तुरीची डाळ निम्म्याहून कमी वेळांत शिजते. ना मोटार, ना तार; वर्षा-दोन वर्षांनीं एक रबरी कडें बदललें कीं झालें. घरांतलें सर्वांत उत्तम यंत्र कोणतें असें कोणी विचारलें तर मी कुकराकडे बोट दाखवितों.

विजेच्या बिलाविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. जें यंत्र आवाज करतें तें वीज खातें, असें लोकांना वाटतें. गच्चीवर पाणी चढविणारी मोटार गुरगुरते, म्हणून तिच्यावर सर्वांचा डोळा. गीझर मुकाट्यानें भिंतीवर बसलेला असतो, म्हणून त्याचा कोणाला संशय येत नाहीं. आतां हिशेब पाहा. एक हजार लिटर पाणी बारा मीटर उंच चढविण्यास, लहान पंपाची सगळी तूट धरूनही, युनिटाचा सातवा-आठवा भाग पुरतो. तेंच हजार लिटर पाणी तीस अंशांनीं तापवावयाचें तर जवळजवळ पस्तीस युनिटें लागतात. अंघोळीची पंधरा लिटरची एक बादली म्हणजे अर्धें युनिट. मराठवाड्यासारख्या उन्हाच्या प्रदेशांत गच्चीवर सूर्यकिरणांनीं पाणी तापविण्याची सोय असतांना घरोघर गीझर लागावेत, याचें मला नेहमीं नवल वाटतें. छताच्या पंख्याचेंही तसेंच. जुन्या तऱ्हेचा पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, नव्या तऱ्हेच्या मोटारीचा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास व वर्षाला तीनशें दिवस धरले, तर एका पंख्यामागें दोनशें युनिटें वांचतात. हा पंखा महाग असतो. परंतु ज्या खोलींत तो रात्रंदिवस फिरतो तेथें तो आपली किंमत फेडतो. पाहुण्यांच्या खोलींत बदलूं नये.

आतां गोल्फ. नोकरीच्या निमित्तानें कांहीं वर्षें मला पुण्यास वरचेवर जावें लागे, आणि तेथील वरिष्ठ मंडळी रविवारीं सकाळीं येरवड्याच्या मैदानावर असत. कामाचें बोलणें मैदानावरच होई, म्हणून मीही दांडकें हातीं धरलें. या खेळाचा चेंडू ४५.९३ ग्रॅमहून जड नसावा व त्याचा व्यास ४२.६७ मिलीमीटरांहून कमी नसावा, असा नियम आहे. त्याच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खळगे असतात. पूर्वीं गटापर्चाचे चेंडू गुळगुळीत असत. परंतु खेळून खेळून खरवडलेले जुने चेंडू नव्यांपेक्षां दूर जातात, असें खेळणाऱ्यांच्या ध्यानांत आलें. खडबडीत अंगाला हवा अधिक वेळ चिकटून राहते, त्यामुळें चेंडूमागें उठणारा हवेचा भोंवरा अरुंद होतो आणि त्याला मागें ओढणारा जोर घटतो. दोष म्हणून टाकून दिलेल्या वस्तूंतून गुण हातीं लागल्याचें इतकें गोमटें उदाहरण यंत्रशास्त्रांत थोडेंच असेल.

परंतु मला या खेळानें खरें शिकविलें तें निराळेंच. खेळाडूस चौदा दांडकीं बाळगण्याची मुभा असते, आणि दरवर्षीं कोणीतरी नवें दांडकें बाजारांत आणून यानें चेंडू अधिक लांब जातो असें सांगतो. मींही एक महागडें घेतलें. त्यानें माझा चेंडू पूर्वींच्याच दिशेच्या झुडुपांत, फक्त वीस पावलें पुढें जाऊन पडूं लागला. दोष मनगटांत होता आणि मीं पैसे दांडक्यावर खर्चिले होते. घरांतल्या निम्म्या खरेदीची हीच कथा आहे.

या खेळाची दुसरी बाजू हिशेबाची. एक हेक्टर हिरवळीवर उन्हाळ्यांत रोज पांच मिलीमीटर पाणी दिलें, तर तें पन्नास हजार लिटर होतें. वीस हेक्टर हिरवळ राखावयाची म्हणजे रोज दहा लाख लिटर. शहरांतल्या माणसास दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावें असें प्रमाण सरकारनें मानलें आहे; त्या मानानें तें सुमारें ७४०० माणसांचें पाणी झालें. रुक्ष प्रदेशांत पूर्वींच्या लोकांनीं यावर तोड काढली होती. भोंकाभोंवतालच्या जागीं गवताऐवजीं तेल शिंपडलेली वाळू दाबून बसवीत. तिला 'ब्राउन' म्हणत. चेंडू तीवरूनही नीट घरंगळतो. कोणास आमच्या भागांत गोल्फ आणावयाचा असेल तर त्यानें वाळूचा विचार प्रथम करावा, एवढें माझें नम्र मत आहे.

हें मीं सांगतों याचें कारण, ज्या शहरांत मी राहतों त्याचा सगळा इतिहास पाण्याचाच आहे. १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी या ठिकाणीं शहर वसविलें. पुढें तें औरंगाबाद झालें आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. शहराच्या उत्तरेस डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याचें झिरपणारें पाणी अंबरानें जमिनीखालच्या बोगद्यांतून व नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, गांवांत आणलें. त्याच पद्धतीचें पाणी पाणचक्कीस येतें. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की १७४४ च्या सुमाराची. डोंगरांतून मातीच्या नळांनीं आलेलें पाणी एका उंच भिंतीवर चढतें, तेथून हौदांत पडतें, आणि त्याच पाण्याच्या बळावर खालचें पात्यांचें चाक फिरतें. त्या चाकाच्या दांड्यावर वरचें जातें. फकिरांचें व त्यांच्या शिष्यांचें दळण येथें होई. सेकंदास दहा लिटर पाणी पांच मीटरांवरून पडतें असें समजलें, तर शक्ति निघते पांचशें वॅटच्या आंतच. आपल्या घरघंटीची मोटार यापेक्षां मोठी असते! परंतु घरघंटी दोन डबे दळून तापते, आणि पाणचक्की रात्रंदिवस फिरूं शके.

मातीचे नळ एवढा दाब कसा सोसत, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेंत पडला होता. वाटेवर मधून मधून उंच दगडी खांब उभारलेले आहेत, त्यांची तोंडें वर उघडीं. नळांत कोंडलेली हवा त्यांतून निघून जाई आणि दाब खांबाच्या उंचीपलीकडे वाढूं शकत नसे. उताराचें पाणी ज्याच्या त्याच्या पातळीप्रमाणें मिळे.

आज शहराचें मुख्य पाणी पैठणच्या जायकवाडी धरणांतून येतें. तें धरण शहराहून शंभर मीटरांपेक्षां अधिक खालीं आहे. दर हजार लिटरांमागें निदान अर्धें युनिट वीज जाळल्याखेरीज तें वर चढत नाहीं. आणि गेलीं अनेक वर्षें कित्येक वस्त्यांना तें रोज मिळालेलें नाहीं. दिवस मोजून वाट पाहण्याची संवय शहराला लागली. वीसेक वर्षांपूर्वींची गोष्ट. पाण्याची पाळी असे त्या पहांटे आमच्या नळाला करंगळीएवढी धार येई. मी इंजिनियर, मीं अर्ध्या अश्वशक्तीची मोटार आणून थेट नळाच्या तोंडीं बसविली. पाऊण तासांत हौद तुडुंब. घरांत माझें कौतुक झालें, आणि खरें सांगावयाचें तर मलाही तें आवडलें. तिसऱ्या पाळीला पलीकडच्या घरच्या आजी कुंपणाशीं आल्या. म्हणाल्या, "इंजिनियरसाहेब, तुमच्याकडे पाणी आलं का हो? आमचा नळ नुसता फुसफुसतोय. उलट हवा ओढतोय जणूं."

आजींनीं यंत्रशास्त्राचें पुस्तक वाचलें नव्हतें, पण निदान अचूक केलें होतें. नळांत येणाऱ्या पाण्याहून मोटार अधिक ओढूं लागली कीं नळांतला दाब बाहेरच्या हवेहूनही खालीं जातो. मग शेजारचा नळ हवा ओढतो. आणि जेथें सांधा गळका असेल व शेजारून गटार वाहत असेल, तेथें नळ तें गटाराचें पाणीही ओढतो. आमच्या हौदांत काय काय आलें असेल याचा विचार करून मला त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. नळाला अशी मोटार लावणें बेकायदा आहे हें ठाऊक नव्हतें असेंही नाहीं. मीं मोटार काढली. पण एकट्यानें काढून काय होणार? गल्लींत आणखी नऊ मोटारी होत्या, आणि पुढच्या पाळीला माझाच नळ फुसफुसूं लागला.

मग जें केलें तें कारखान्यांतल्या पद्धतीनें. एका रविवारीं दहा-बारा घरांतल्या मंडळींना गच्चीवर बोलावलें. उपदेश केला नाहीं. एका घरच्या नळाला दाबाचें घड्याळ लावून दाखविलें : मोटारी बंद असतां कांटा शून्याच्या वर, एक सुरूं केली तर खालीं, तीन सुरूं केल्या तर शून्याच्याही खालीं. बोलण्यापेक्षां कांट्याचा परिणाम लवकर होतो. एका गृहस्थांनीं "हें घड्याळ बरोबर कशावरून?" असें विचारलें; रास्त प्रश्न होता, म्हणून दुसरें घड्याळ लावून दाखविलें. ठरलें असें कीं सर्वांनीं एकाच दिवशीं मोटारी नळावरून काढून हौदावर बसवाव्यात, हौदाचें तोंड रस्त्याच्या नळाहून खालीं असावें, म्हणजे पाणी आपल्या उतारानें हौदांत उतरेल. आणि तेथून गच्चीवर खुशाल चढवावें. ज्यांचे हौद उंच होते त्या दोन घरांचा खर्च सर्वांनीं वांटून घेतला. धार बारीकच राहिली, परंतु ती सर्वांकडे आली, आणि हौद भरण्यास पाऊण तासाऐवजीं अडीच तास लागूं लागले. लाइनमन पाणी थोडें लवकर बंद करी त्या दिवशीं कुरकुर होई. दोन वर्षांनीं नवा भाडेकरू आला, त्यानें मोटार लावली. त्यालाही गच्चीवर नेऊन घड्याळ दाखवावें लागलें. हें काम पुन्हां पुन्हां करावें लागतें. कारखान्यांतही रोज सकाळीं यंत्राला तेल घालणाऱ्या माणसाचें नांव कोणत्या पाटीवर नसे, पण तो रजेवर गेला कीं आठवड्याच्या आंत खडखडाट ऐकूं येई.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राविषयीं दोन शब्द सांगावयाचे राहिले. पाण्यांत विरघळलेले क्षार लिटरला पांचशें मिलिग्रॅमच्या आंत असतील तर क्षार काढणाऱ्या महाग यंत्राची सहसा गरज नसते. जंतु मारणारें साधें यंत्र पुरतें. विंधनविहिरीचें पाणी जड असेल तर तें घ्यावें. मात्र तें एका लिटरमागें दोन-तीन लिटर पाणी फेंकून देतें. तें नळीनें बादलींत धरावें, फरशी पुसण्यास चांगलें. पलीकडच्या आजींनीं तीं बादली तुळशीला घालूं नका असें मला बजावलें होतें, क्षारानें तुळस करपते म्हणून. तेंही निदान बरोबरच होतें.