जुन्या मोटारीची दुसरी धूरनळी

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागलें कीं कोन लागतें. समजा, कोन येथील एका गृहस्थांनीं १९६६ सालची ॲम्बॅसडर मोठ्या हौसेनें बाळगली आहे. रंग झाला, गाद्या झाल्या. आतां त्यांच्या मनांत असें आहे कीं, मागें एका धूरनळीच्या जागीं दोन असाव्या. त्यानें गाडीला जोर येईल आणि आवाजही भारदस्त होईल, असें त्यांना कोणी सांगितलें आहे. यांत खरें किती, तें आज पाहूं.

धूरनळी म्हणजे धूर बाहेर सोडणारी नुसती मोरी नव्हे. सिलिंडरांतून निघणारा वायु संथ धारेनें वाहत नाहीं. तो लोटालोटानें येतो. क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, पुरे होईपर्यंत प्रत्येक सिलिंडर एकदां उच्छ्वास टाकतो. सिलिंडर चार असले म्हणजे दर १८० अंशांनीं एकाची पाळी येते. परंतु उच्छ्वासाची झडप १८० अंशांहून बराच अधिक काळ उघडी असते. त्यामुळें एकाचा उच्छ्वास संपण्यापूर्वींच दुसऱ्याचा लोट त्याच नळींत शिरतो व पहिल्याची वाट अडवितो. अरुंद बोळाच्या तोंडाशीं दोन घरांतलीं माणसें एकदम बाहेर पडावींत, तसा हा प्रकार होतो. नळी दुसरी घालावयाची ती हा अडथळा टाळण्यासाठीं. नळ्यांची नुसती संख्या वाढवून कांहीं साधत नाहीं.

ॲम्बॅसडरच्या त्या काळच्या १४८९ घन सेंटिमीटरांच्या एंजिनांत सिलिंडर पेटण्याचा क्रम १, ३, ४, २ असा आहे. पहिला व चौथा यांच्यामध्यें ३६० अंशांचें अंतर पडतें. दुसरा व तिसरा यांच्यामध्येंही तितकेंच. तेव्हां जोड्या लावावयाच्या त्या अशाच. मौजेची गोष्ट ही कीं, मूळच्या इंग्रजी रचनेंत मधल्या दोन सिलिंडरांना उच्छ्वासाचें तोंड एकच, सामायिक ठेवलेलें आहे. म्हणजे अर्धें काम आधींच झालेलें आहे! मधल्या तोंडाची एक नळी करावयाची आणि कडेच्या दोन तोंडांची मिळून दुसरी. मूळच्या बिडाच्या मॅनिफोल्डांत मात्र हीं तिन्ही तोंडें थोड्याच अंतरावर एकत्र येतात.

येथें कारागिराची एक चूक होण्याजोगी आहे. मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्सच्या कारखान्यांत शेव्हरोले गाड्या जोडल्या जात. पुढें त्या गाड्यांना एका रांगेंतील सहा सिलिंडरांचें एंजिन आलें. त्याचा क्रम १, ५, ३, ६, २, ४. यांत पुढच्या तिघांपैकीं एक व मागच्या तिघांपैकीं एक अशी आळीपाळी पडते. म्हणून मॅनिफोल्ड मधोमध विभागून दोन नळ्या काढल्या तरी प्रत्येकींत लोट सारख्याच अंतरानें येतात. हें पाहून कोणी चार सिलिंडरांच्या व चार स्वतंत्र तोंडांच्या एंजिनालाही मधोमध विभागूं लागला, तर लागोपाठ पेटणारे पहिला व दुसरा एकाच नळींत येतात आणि आवाज लंगडा होतो. व्ही आकाराच्या आठ सिलिंडरांच्या एंजिनाची गोष्ट वेगळी. त्याला मुळांतच दोन रांगा व दोन मॅनिफोल्ड असल्यामुळें दोन नळ्या शोभतात.

याहून स्वस्त प्रकार म्हणजे मूळ सायलेन्सरपुढें एक फांटा जोडून दोन शेपट्या काढणें. तो निव्वळ दागिना होय.

बरें, जोड्या बिनचूक लावून दोन्ही नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या नेल्या, तरी एक तोटा राहतो. प्रत्येक नळींतून निम्माच ऊन वायु जातो. नळी थंड राहते. पेट्रोल जळून झालेली पाण्याची वाफ आंतच निवते आणि सायलेन्सर आंतून गंजतो. कोनहून कल्याण स्टेशनपर्यंतच जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर तर कधीं पुरता तापतच नाहीं. म्हणून माझें मत असें कीं, चार सिलिंडरांच्या लहान एंजिनाला दोन नळ्या कांहीं अंतर वेगळ्या न्याव्या व पुढें एकींत मिळवाव्या. हौस दोन शेपट्यांचीच असेल, तर ती हौस आहे हें कबूल करून करावी.

बसवितांना प्रथम पाहावयाचें तें पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि मागचा आंस खालींवर होण्यास लागणारी मोकळी जागा. पोलादी नळी तीन मीटर लांब असली व तीनशें अंशांनीं तापली, तर सुमारें एक सेंटिमीटर वाढते. शिवाय एंजिन स्वतः हलत असतें. यास्तव नळी रबरी टांगण्यांवरच लोंबती ठेवावी, चौकटीला डागूं नये. सारे सांधे आधीं सैल जुळवून, नळी कोठें घासत नाहीं हें पाहून मगच आवळावे आणि एकदां गाडी तापवून, निवल्यावर पुन्हा तपासावे.

सांधा गळका राहिला तर तो केवळ आवाजाचा प्रश्न नाहीं. या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो तळाच्या फटींतून गाडींत शिरल्यास आंतील माणसांच्या प्राणावर बेततें. एंजिन थंड असतांना सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें आणि एंजिन चालूं करून पाहावें. बुडबुडे आले कीं सांधा गळतो हें निश्चित. ही परीक्षा उघड्यावरच करावी, बंद गॅरेजांत कदापि नव्हे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील तपशील मूळ कारखानदारानें दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करतां येत नाहीं, आणि सायलेन्सर तर सक्तीचाच आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वारसा म्हणून वेगळी नोंदणी मिळूं लागली; पण गाडी मूळ स्वरूपांत असावी, तिच्या चॅसींत वा एंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी तींत अट आहे. १९६६ ची गाडी वयानें या नोंदणीस पात्र ठरते. हौसेपायीं ती संधि घालवूं नये. म्हणून बिडाचा मॅनिफोल्ड कापूं नये, जोड सारे बोल्टांचे ठेवावे. काढलेला मॅनिफोल्ड, जुनी नळी आणि तिचे पट्टे तेलाचें बोट फिरवून, गोणपाटांत बांधून माळ्यावर ठेवावे व गांठीला गाडीचा नंबर लिहून लावावा.