हिवाळ्यातलं लग्न आणि फुलांची निवड 🌼

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या वारंगा फाट्याच्या परिसरात लगीनघाई सुरू होते. थंडीतल्या लग्नाला फुलं निवडताना एवढं लक्षात ठेवा.

🌼 शेवंती: या दिवसांतली राणी! दिवस लहान झाला की तिला कळ्या धरतात, आणि डिसेंबरात आपल्याकडचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. घेताना फूल उलटं करून बघा. खालच्या पाकळ्या तपकिरी असतील तर माल शिळा.

🌼 झेंडू: तोरणाला आणि मांडवाला यासारखं टिकाऊ फूल नाही. ओला माल मात्र घेऊ नका, ढिगात लगेच सडतो.

🌹 गुलाब: पाकळ्यांच्या बुडाशी हलकेच दाबा. घट्ट लागला तर ताजा. फेब्रुवारीत भाव चढतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

🤍 मोगरा: हा उन्हाळ्याचा. थंडीत कमी येतो आणि महाग पडतो. गजऱ्याला अबोली, शेवंती घ्या. निशिगंधही कडाक्याच्या थंडीत कमी फुलतो, त्यामुळे हारांची ऑर्डर लवकर द्या.

हार आदल्या रात्री आणले तर पाणी मारू नका, पाकळ्यांवर डाग पडतात. ओल्या फडक्यात सैल गुंडाळून गार जागी ठेवा.

हळदीसाठी तर आपल्या वसमतची हळद आहेच, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सोबत पिवळी शेवंती लावा, मांडव उजळून निघेल!

तुमच्याकडे लग्नात कोणती फुलं वापरतात? नक्की सांगा. 🙏