गांडुळांचें अंथरूण

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. गांडुळाला पाय नाहींत. तरीहि ही म्हण त्याला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या प्राण्याला क्वचितच पडत असेल. गांडूळखताच्या पेटींत गांडूळ ज्या पदार्थांवर निजतें, त्यांतच तें श्वास घेतें, त्यांतच आपले कोष घालतें, आणि अखेरीस तेंच अंथरूण खाऊन त्याचें खत करतें. मनुष्य आयुष्याचा तिसरा हिस्सा अंथरुणावर काढतो. हा प्राणी सारें आयुष्य त्यांत काढतो. म्हणून पेटी कसली व गांडुळें किती, हे प्रश्न मागाहूनचे; अंथरूण कसें, हा पहिला प्रश्न होय.

अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें, गांडूळखत करून पाहणारीं घरें आणि मळे आतां दुर्मिळ राहिलेले नाहींत. हौसेनें पेटी आणावी, विकत घेतलेलीं गांडुळें तींत सोडावीं, वर ताजें शेण आणि भाजीचे देंठ भरावेत, आणि आठवडाभरानें झांकण उघडून पाहावें तों आंत दुर्गंधि सुटलेली व गांडुळें मरून पडलेलीं, असा अनुभव नवशिक्यांपैकीं अनेकांस येतो. मग दोष गांडुळांना किंवा नगरच्या उन्हाला दिला जातो. ऊन कडक आहे हें खरें. परंतु बहुतेक वेळां नासलेलें असतें तें अंथरूणच.

याचें कारण समजण्यासाठीं गांडुळाची जात व प्रकृति थोडी जाणून घेतली पाहिजे. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञानें १८८१ सालीं गांडुळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडांतील पुष्कळ ठिकाणीं एका एकरांतली दहा टनांहून अधिक माती दरसाल गांडुळांच्या पोटांतून जाते, असा हिशेब त्यानें त्यांत मांडला. परंतु जमिनींत खोल बिळें करून माती खाणारीं गांडुळें निराळीं, आणि पृष्ठभागावरील पालापाचोळ्यांत व शेणांत राहणारीं निराळीं. पावसाळ्यांत काळ्या रानांतून वेंचून आणलेलीं गांडुळें पेटींत टिकत नाहींत, तीं यामुळेंच. पेटीसाठीं लागतात तीं पृष्ठभागावरचीं. त्यांत आयसेनिया फेटिडा ही तांबूस, पट्टेदार जात, आफ्रिकेंतून आलेली युड्रिलस युजेनी ही लांब व चपळ जात, आणि पेरिऑनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्याकडील जात, या तीन मुख्य होत.

या सर्वांना फुप्फुसें नाहींत. तीं ओल्या कातडींतून श्वास घेतात. कातडी कोरडी पडली तर तीं गुदमरतात. अंथरुणांत पाणी सांचून हवा कोंडली तरीहि गुदमरतात. उष्णता ३५ अंशांच्या वर गेली कीं पट्टेदार गांडुळें मरूं लागतात. तिला १५ ते २५ अंशांचा गारवा मानवतो, तर आफ्रिकी जातीला त्याहून थोडी ऊब चालते. मीठ, आंबट रस आणि अमोनिया हे तिघेहि त्या उघड्या कातडीचे वैरी आहेत. तात्पर्य, ओलावा, हवा, गारवा आणि सौम्यपणा हीं चारहि एकाच वेळीं देईल तें चांगलें अंथरूण.

येथें एक शास्त्रीय गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. वाळलेल्या काडीकचऱ्यांत कर्ब फार व नत्र थोडा असतो. उसाच्या पाचटांत नत्राच्या सुमारें ८० ते १०० पट, कधीं त्याहूनहि अधिक कर्ब असतो. उलट शेणांत हें प्रमाण २० ते २५ पटींच्या आसपास असतें. नुसतें पाचट घातलें तर तें महिनोन् महिने कुजत नाहीं. नुसतें ताजें शेण दडपलें तर तें तापतें, त्यांतून अमोनिया सुटतो व तें घट्ट बसून हवा अडवतें. दोहोंच्या मिश्रणानें हें प्रमाण २५ ते ३० पटींच्या जवळ आणणें, हेंच अंथरुणाचें मर्म.

सुकें आणि शेण यांचा हा मेळ घालण्याची पद्धतशीर रीत इंदूर येथें सिद्ध झाली. तेथील वनस्पति-उद्योग संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनीं काडीकचरा, शेण, गोठ्यांतली मूत्र मुरलेली माती व राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवसांनीं परतून, सुमारें तीन महिन्यांत कंपोस्ट तयार करण्याची रीत बसविली व १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें मांडली. त्या रीतींत गांडुळें नव्हतीं. परंतु ताजा ढीग आधीं तापतो व मग निवतो, हा त्यांतला धडा गांडूळ पाळणारानें विसरूं नये. गांडुळें सोडावयाचीं तीं ढीग निवल्यावर.

आतां सामग्रीचा विचार. प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या कालव्यांखालील संगमनेर, राहाता, कोपरगांव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासें या भागांत उसाचें पाचट उदंड आहे. तें दोन-तीन इंचांचे तुकडे करून घ्यावें, कारण लांब पानें एकमेकांत गुंततात व पुढें अंथरूण हालवितां येत नाहीं. पाचटावर मेणचट लेप असल्यामुळें तें पाणी लवकर धरीत नाहीं. तें निदान एक दिवस भिजवून ठेवावें. उसाचें चिपाड मऊ असलें तरी त्यांत साखरेचा अंश राहिला तर तें आंबतें. तें आधीं उन्हापावसांत जुनें होऊं द्यावें.

अकोल्याच्या डोंगरी भागांत भाताचा पेंढा मिळतो. कर्जत, जामखेड, पाथर्डी या कोरडवाहू तालुक्यांत ज्वारी-बाजरी पिकते. परंतु तेथें कडबा हें गुरांचें अन्न आहे. २०१२-१३ च्या दुष्काळांत ज्या जिल्ह्याला चाऱ्याच्या छावण्या उघडाव्या लागल्या, तेथें गांडुळाच्या अंथरुणासाठीं कडबा वापरणें हा अविचार होईल. तेथें धसकटें, बाजरीचें भुसकट, झाडांचा वाळका पाला यांवर भागवावें. शहरांतल्या घरीं जुनीं वर्तमानपत्रें आणि पुठ्ठा हें उत्तम साधन आहे. साधा छापील कागद बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडून घालावा. चकचकीत कागद वर्ज्य समजावा. पुठ्ठ्याच्या आंतल्या नागमोडी थरांत हवा खेळती राहते, म्हणून कागदापेक्षां तो सरस. नारळाचा भुसा पाणी चांगलें धरतो, पण त्यांत क्षार असतात. तो दोन-तीन वेळां धुऊन मगच वापरावा.

शेण ताजें घेऊं नये; दहा-पंधरा दिवस सावलींत निवलेलें घ्यावें. जनावराला जंतांचें औषध पाजलें असेल तर त्याचें शेण कांहीं दिवस बाजूस ठेवणें शहाणपणाचें. गांडुळाला दांत नाहींत. तें अन्न पोटांतल्या पेषणींत बारीक खड्यांच्या साह्यानें दळतें. यास्तव मूठभर बारीक माती अंथरुणांत अवश्य मिसळावी.

अंथरूण घालण्याची रीत अशी. दोन फूट लांब, दीड फूट रुंद व एक फूट खोल अशी पेटी घरास पुरते. तिच्या तळाला व बाजूंना भोंकें असावींत. तळाशीं धसकटें किंवा जाड काड्यांचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा, म्हणजे जादा पाणी निथळतें. त्यावर भिजविलेलें पाचट किंवा कागद आणि निवलेलें शेण यांचें मिश्रण सहा-आठ इंच पसरावें. सुकें मापानें अधिक, शेण कमी. ताजें पाचट वापरलें असेल तर हें मिश्रण प्रथम बाहेर ढिगांत पंधरा-वीस दिवस ओलें ठेवून, मधून मधून परतून अर्धवट कुजवावें. ढिगांत हात घातला असतां ऊब लागली तर अद्याप वेळ आहे असें समजावें.

ओलाव्याची परीक्षा मुठीनें होते. मूठभर अंथरूण घट्ट दाबलें असतां बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त; थेंबहि न आला व मूठ उघडतांच सारें विखुरलें, तर कमी. यानंतरची परीक्षा खुद्द गांडुळांनींच घ्यावयाची. संध्याकाळीं दहा-पंधरा गांडुळें अंथरुणावर ठेवावींत. तीं थोड्या वेळांत आंत शिरलीं व सकाळीं आंतच सतेज आढळलीं, तर अंथरूण पसंत पडलें. कडेला चढून बाहेर पळूं लागलीं, तर नापसंत. एक रात्र थांबल्यानें शेंकडों जीव वांचतात.

पुढें निगा राखावयाची. अर्धा किलो गांडुळांना दिवसाकाठीं पाव किलोच्या आसपास अन्न पुरतें. आरंभीं त्याहून कमीच द्यावें. भाजीचे देंठ, फळांच्या साली, चहाचा चोथा अंथरुणांत लहानसा खड्डा करून पुरावा, व दरवेळीं जागा बदलावी. लोणचें, मीठ घातलेलें शिजलेलें अन्न, तेल, लिंबाच्या साली व पुष्कळसा कांदा घालूं नये. वर नेहमीं दोन इंच सुकें अंथरूण आणि त्यावर ओलें गोणपाट असावें. अंथरूण जसजसें खालीं बसतें तसतशी दर पंधरवड्याला कोरड्या पाचटाची किंवा कागदाची भर घालावी, व वरचा भाग बोटांनीं हलकेच मोकळा करावा; खुरपें चालवूं नये.

पेटीचें आरोग्य नाकाला कळतें. आंबूस वास आला तर पाणी व अन्न जास्त झालें. अन्न बंद करून कोरडा कागद मिसळावा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर शेण जास्त झालें; तेथेंहि उपाय सुक्याचाच. मुंग्या झाल्या तर अंथरूण कोरडें पडलें. आंबटपणावर अंड्यांच्या कवचांची बारीक पूड चिमूटभर टाकावी. कळीचा चुना मात्र कधींहि टाकूं नये, तो गांडुळांना भाजून काढतो.

ऋतूप्रमाणें काळजी बदलते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत जातो, तेव्हां पेटी दाट सावलींत, शक्य तर गोठ्याच्या किंवा घराच्या उत्तर अंगाला ठेवावी, आणि गोणपाट दिवसांतून दोन वेळां भिजवावें. विहिरीचें पाणी मचूळ असेल तर तें वापरूं नये. त्यांतले क्षार अंथरुणांत सांचत जातात. पावसाळ्यांत, विशेषतः अकोल्याच्या घाटमाथ्याकडे, छप्पर हवेंच.

अशा रीतीनें अडीच-तीन महिने गेले म्हणजे अंथरूण ओळखूं येत नाहीं. त्याची चहाच्या भुकटीसारखी काळसर, रवाळ व मातीच्या वासाची राशी झालेली असते. चार-पांच दिवस पाणी बंद करावें व सारें उजेडांत ढीग करून ठेवावें. गांडुळें उजेड टाळून खालीं जातात, वरचें खत अलगद काढून घेतां येतें. परंतु सारें खत काढूं नये. त्याचा एक हिस्सा पुढच्या अंथरुणांत मिसळावा, कारण त्यांत मोहरीहून किंचित् मोठे, लिंबाच्या आकाराचे कोष असतात. त्यांतून तीन-चार आठवड्यांत पिलें बाहेर पडतात, आणि नवीन गांडुळें विकत घ्यावीं लागत नाहींत.

राहतां राहिली ती मोठी गोष्ट. महाराष्ट्रांतला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या कांठीं याच जिल्ह्यांत उभा राहिला, आणि गळिताच्या हंगामांत येथील फडांवर ऊसतोड टोळ्या राबतात. हिरवें वाढें गुरांना जातें. मागें हेक्टरी सुमारें आठ-दहा टन पाचट उरतें. खोडव्याची घाई असली कीं त्याला काडी लावली जाते. त्या धुरांतून नत्र व कर्ब दोन्हीं निघून जातात, आणि त्याच रानासाठीं पुढें खताचीं पोतीं विकत आणावीं लागतात. एवढें सारें पाचट पेटींत मावणार नाहीं, हें उघड आहे. त्याचा मोठा भाग खोडव्याच्या सऱ्यांतच आच्छादन म्हणून कुजूं देणें हेंच योग्य. परंतु एक गाडीभर पाचट बांधावर बाजूस काढून ठेवलें, तर वर्षभर पेटीला अंथरूण कमी पडत नाहीं, आणि जें आगींत जाणार होतें तें भाजीच्या वाफ्यांत परत येतें.

काडी लावण्यास क्षण पुरतो, अंथरूण घालण्यास पंधरा दिवस लागतात. ज्या शेतकऱ्यानें किंवा गृहिणीनें ते पंधरा दिवस धीर धरला, त्यांच्या पेटींतलीं गांडुळें पुढें वर्षानुवर्षें, मजुरीचा एक पैसाहि न मागतां, त्यांचें काम करीत राहतात.