गोधडीचा एक चौकोन

आपल्या अमरावती-अकोल्याकडे गोधडी नव्या कापडाची शिवत नाहीत. आजीचं लुगडं, आबांचं धोतर, बाळाचं झबलं, सगळं तिच्यात. शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना तर ठिगळांच्या कपड्यामुळे लोक गोधडे महाराजच म्हणत.

अख्खी गोधडी वर्गात होत नाही, एक चौकोन होतो. घरून जुना, धुतलेला सुती कपडा आणायला सांगा. तो उन्हात धरून पाहा, विरलेला भाग घेऊ नका.

12 इंची चौकोनाला 4 इंची नऊ तुकडे लागतात. पण कापायचे 5 इंची, कारण प्रत्येक बाजूने अर्धा इंच शिलाईत जातो. हे मी आधी सांगायचं विसरले. मुलांनी 4 इंची कापले. एका मुलीचा चौकोन 9 इंचांचाच भरला, अन् तिच्या आजीच्या लुगड्याचा नुसता काठ उरला होता.

"मॅडम, आता आजी तं नाही ना," ती एवढंच बोलली.

मग तोच काठ अडीच इंच रुंद कापून चारही बाजूंनी जोडला. शिलाई जाऊन दीड-दीड इंच उरला. 9 अधिक 3, झाले 12! (बेरीज तिनेच केली.) खाली धोतराचे दोन पदर घातले आणि कडेपासून आत आत धावदोरा घातला. टाके वाकडे आले, ते उसवले नाहीत.

कोणता तुकडा कोणाचा, हे मात्र मुलांकडून वहीत लिहून घ्या. तिच्या वहीत पहिली ओळ आहे: "काठ आजीचा, पोळ्याला नेसायची."