विश्लेषण : तिवस्यात टीव्हीवर काय पाहतात, हे जाहिरातदाराला कसे कळते?

रात्रीचे आठ वाजले की तिवसा, मोझरी परिसरातील अनेक घरांत जेवण आणि मालिका सोबतच सुरू होतात. मध्येच साबणाची, नाहीतर खताची जाहिरात. कोणती मालिका पाहता, असे विचारायला बहुतेकांच्या दारात कधी कोणी आलेले नसते. तरीही दर गुरुवारी टीआरपीचे आकडे जाहीर होतात.

मोजणी कशी होते?

2015 पासून हे काम ‘बार्क’ करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांची ही संयुक्त संस्था. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरातील मीटर ती ओळखते. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतंत्र बटण असते. आजी उठून गेली तर तिने बटण दाबून जावे, अशी अपेक्षा. (आता प्रत्येक वेळी आजीच्या ते लक्षात राहीलच, असे नाही.)

देशात टीव्ही असलेली घरे सुमारे 21 कोटी आणि मीटर साधारण 55 हजार. म्हणजे जवळपास 3,800 घरांमागे एक. शितावरून भाताची परीक्षा! राज्यापुरती ती जमते, एका तालुक्यापुरती नाही. त्यामुळे तिवस्याचा वेगळा आकडा निघत नाही. तो महाराष्ट्र-गोव्याच्या बेरजेत जातो.

प्रेक्षकाची प्रतवारी

जाहिरातदाराला नुसती डोकी नको असतात. खरेदी कोण करू शकेल, हे हवे असते. त्यासाठी घरातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि 11 वस्तूंची यादी पाहून वर्ग ठरतो. फ्रिज, दुचाकी, वॉशिंग मशीन यांच्या रांगेत शेतजमीनही आहे. कोरडवाहू कपाशीने यंदा काय दिले, हे मात्र ती यादी विचारत नाही.

मुळात खेडी या हिशेबात उशिरा आली. ऑक्टोबर 2015 पर्यंत आकडे शहरी प्रेक्षकांचेच असत. ग्रामीण घरे मोजली जाताच फुकट दिसणाऱ्या वाहिन्या एकदम वर आल्या. प्रेक्षक आधीही होता, जाहिरातदाराला तो दिसत नव्हता.

पैसा कसा ठरतो?

समजा, दहा सेकंदांचा दर 20 हजार रुपये आणि रेटिंग 2, तर एक पॉइंट 10 हजारांना पडला. दुसरीकडे दर फक्त 6 हजार, पण रेटिंग 0.5 असेल तर पॉइंट 12 हजारांचा. स्वस्त दिसणारी जाहिरातच महाग!

नमुना लहान असल्याने मोजकी घरे फितली तरी आकडा हलू शकतो. काही मीटरघरांना ठरावीक वाहिनी लावून ठेवण्यासाठी पैसे दिल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर 2020 मध्ये केला होता. 2024 मध्ये सरकारने तो खटला मागे घेतला. दरम्यान वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबले होते. मार्च 2022 मध्ये ते पुन्हा सुरू झाले, पण चार आठवड्यांच्या सरासरीने.

आणि वीज गेल्यावर मोबाइलवर पाहिलेला मालिकेचा भाग? घरातल्या टीव्हीला लावलेल्या मीटरला तो दिसत नाही.